३१० वर्षांतून एकदाच!

'नासाने जाहीर केल्याप्रमाणे या शरद ऋतूत पहाटेच्या वेळी दक्षिण आकाशात अगस्त्य नावाचा अतितेजस्वी तारा दिसणार आहे. हा योग ३१० वर्षांतून एकदाच येतो. आपल्या पुढच्या सात पिढ्यांना तो दिसणार नाही. स्वतः बघा आणि किमान अकरा जणांना पाठवा.'

आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर हा मजकूर येऊन पडला तेव्हा गच्चीवरच्या टाकीचा व्हॉल्व्ह रात्रभर कुणी उघडा ठेवला यावर तिथे घनघोर चर्चा चालू होती. ती जागच्या जागी थांबली आणि एकेकाचे जोडलेले हात येऊ लागले. आमच्या ग्रुपवर जोडलेले हात कशालाही चालतात. कुणी गेलं, कुणी जन्माला आलं, टँकर उशिरा येणार, टँकर येणारच नाही. पाठोपाठ फुलं आली, समई आली आणि पहिल्या मजल्यावरच्या काकूंनी ऋषींना साष्टांग नमस्कार लिहून वर रांगोळीचं चित्रही टाकलं.

इथे गप्प बसलो असतो तर पुढचं काहीच घडलं नसतं. पण एखादी गोष्ट बरोबर माहीत असणं हा खरजेसारखा विकार आहे; चारचौघांत तर तो आवरतच नाही. मी लिहिलं, "३१० हा आकडा वर्षांचा नाही, अंतराचा आहे. अगस्त्य आपल्यापासून साधारण ३१० प्रकाशवर्षं दूर आहे. तो दर वर्षी दिसतो. पावसाळा सरता सरता पहाटे दिसायला लागतो, तो थेट उन्हाळ्यापर्यंत असतो."

ग्रुपवर सुतकी शांतता पसरली. 'दर वर्षी' या दोन शब्दांनी तमाम मंडळींचा विरस झाला होता. मग सेक्रेटरींचं उत्तर आलं, "सर, आपला या विषयातला अभ्यास दिसतो. तरी सर्व सभासदांना तारा दाखवण्याची जबाबदारी आपण घ्यावी ही विनंती." खाली अंगठ्यांची रांग लागली. सोसायटीत ज्याला गळती दिसते त्यानेच प्लंबर शोधायचा असतो. हा नियम उपविधींत कुठे नाही, पण आमच्याकडे काटेकोरपणे पाळला जाणारा तो एकमेव नियम आहे.

"अहो, गप्प बसायचं काय घ्याल?" आमच्या सौ.नी स्वयंपाकघरातून विचारलं. त्याही ग्रुपवर आहेत.

तसा अगस्त्य दाखवायला अवघड असायचं काही कारण नाही. रात्रीच्या आकाशातला हा दुसऱ्या क्रमांकाचा तेजस्वी तारा. पहिला नंबर व्याधाचा. मृग नक्षत्राच्या पोटातले तीन तारे, म्हणजे तो बाण, ज्या रेषेत आहेत त्या रेषेने खाली आलं की व्याध सापडतो. आणि व्याधापासून नीट दक्षिणेला उतरत गेलं की साधारण ३६ अंशांवर अगस्त्य. हात ताठ लांबवून मूठ वळली की ती आकाशातले दहाएक अंश झाकते. म्हणजे व्याधाखाली साडेतीन मुठी. दुर्बीण नको, काही नको. चष्मा चालतो.

शिवाय नावाला ओळख करून देण्याची गरज नाही. समुद्र पिऊन टाकणारे ते ऋषी सगळ्यांना ठाऊक असतात. वातापी नावाचा राक्षस बोकड होऊन पोटात गेला तर त्यालाही त्यांनी पचवलं. म्हणून तर पंगतीत आडवा हात मारल्यावर जुनी माणसं पोटावरून हात फिरवत त्यांचं नाव घेतात. कालिदासाने 'रघुवंशा'त लिहून ठेवलंय की अगस्त्य उगवला की पावसाळ्यातलं गढूळ पाणी निवळतं. वराहमिहिराने 'बृहत्संहिते'त या एका ताऱ्यासाठी वेगळा अध्याय खर्च केला आणि त्याला अर्घ्य द्यायला सांगितलं. आपल्याकडे अहिल्यानगर जिल्ह्यात अकोल्याला प्रवरेकाठी त्यांचा आश्रम आहे आणि तालुक्यात त्यांच्या नावाचा साखर कारखानाही आहे. ज्याने समुद्र एका घोटात संपवला त्याचं नाव उसाच्या कारखान्याला देणाऱ्याची समज मला फार खोल वाटते.

तर असा हा घरातला तारा. आणि त्याला प्रत्यक्ष पाहिलेला माणूस आमच्या दोन विंगांत मिळून एकही नव्हता. वॉचमन सोडून, पण ते नंतर कळलं.

अडचण आकाशात नव्हती, आकाशाच्या खालच्या दोन मुठींत होती. पुण्यातून अगस्त्य क्षितिजापासून फार तर १९ अंश वर चढतो. दक्षिणेला, जरा डाव्या बाजूला उगवतो, लहानशी कमान करतो आणि उजवीकडे मावळतो. दिल्लीकरांना तर तो पुरता एक मूठही मिळत नाही. लंडनच्या माणसाला तो जन्मात दिसत नाही, त्यासाठी त्याला उठून दक्षिणेला यावं लागतं.

आमच्या इमारतीच्या दक्षिणेला पूर्वी एक बैठा बंगला होता, त्यात एक आंबा होता आणि आंब्याखाली एक तापट आजोबा होते. आता तिथे बावीस मजली टॉवर उभा राहतोय. विंध्य पर्वत असाच उंच उंच वाढायला लागला होता, तेव्हा अगस्त्यांनी त्याला 'मी दक्षिणेहून परत येईपर्यंत वाकून राहा' असं सांगितलं आणि ते परत आलेच नाहीत. बिचारा अजून वाकलेला आहे. पण विंध्याला वाढीव एफएसआय मिळालेला नव्हता.

पहिला प्रयोग कोजागिरीला ठरला. सेक्रेटरींचा मुद्दा बिनतोड होता. "सगळे गच्चीवर असणारच आहेत. दूध आणि तारा एकत्र उरकू. खर्च एकच."

मी म्हणालो, "अगस्त्य रात्री एक-दीडनंतर उगवेल."

"थोडा आधी नाही का होणार?" सांस्कृतिक समितीच्या ताईंनी विचारलं. "दहानंतर लहान मुलांच्या आया थांबत नाहीत."

मी सांगितलं की तो रोज आदल्या दिवसापेक्षा चार मिनिटं लवकर येतो, पण कोजागिरीपुरतं त्याला तीन तास लवकर आणणं माझ्या हातात नाही. ताईंच्या चेहऱ्यावरून असं वाटलं की मी नीट प्रयत्नच केला नाही.

कोजागिरीला आठ वाजता भेंड्या, नऊला दूध, साडेनऊला दुधात केशर कमी पडल्याची कुजबूज, पावणेदहाला पातेली रिकामी. दहाच्या ठोक्याला मंडळी पांगायला लागली. जाता जाता प्रत्येक जण मला विचारत होता, "मग? तारा राहिलाच की!" दूध संपलं ते सगळ्यांनी मान्य केलं. तारा न येण्याला मात्र मी जबाबदार होतो.

मग रीतीप्रमाणे पाहणी समिती नेमली. तीत सेक्रेटरी, मी, दुसऱ्या मजल्यावरचा आयटीतला मुलगा आणि बँकेतून निवृत्त झालेले एक ज्येष्ठ सभासद. या ज्येष्ठांची ख्याती अशी की आकाशात चमकणाऱ्या कोणत्याही वस्तूला ते 'शुक्र' म्हणतात. वर्षातून एखाद्या वेळी ते बरोबरही असतात. त्यावर त्यांची सगळी पत टिकून आहे.

पहाटे साडेचारची वेळ ठरली. आमच्या गच्चीची किल्ली अध्यक्षांकडे असते आणि अध्यक्ष पहाटे साडेचारला कुणालाही दार उघडत नाहीत. म्हणून ती आदल्या रात्री रजिस्टरवर सही करून घ्यायची. रजिस्टरमध्ये 'कारण' असा रकाना आहे. माझ्या आधीच्या नोंदी अशा होत्या: पापड, केबल, पापड, कबुतर मेले. मी लिहिलं, अगस्त्य. त्याखाली अध्यक्षांनी हिरव्या शाईत शेरा मारला, 'पाहून झाल्यावर कुलूप लावणे.'

पहाटे लिफ्ट बंद असते, वीज वाचवण्यासाठी. चार मजले चढून आम्ही गच्चीवर पोचलो आणि मला एक शास्त्रीय सत्य नव्याने उमगलं. आपल्या देशात सोलरची तावदानं दक्षिणेकडे तोंड करून बसवतात. म्हणजे गच्चीची दक्षिण बाजू ही गच्ची नसतेच, ती पाण्याच्या नळ्यांचं जंगल असते. त्या नळ्यांवरचं काळं स्पंजाचं वेष्टण कावळ्यांनी जागोजागी सोलून काढलेलं. एका सांध्यातून टप टप कोमट पाणी गळत होतं आणि खाली शेवाळाची हिरवी जाजम तयार झाली होती. सेक्रेटरींनी तिच्यावर पाय ठेवला आणि ते बसले. म्हणजे बसायचा त्यांचा विचार नव्हता. "हा व्हॉल्व्ह कुणी...?" एवढंच ते म्हणाले आणि ग्रुपवरची जुनी चर्चा तिथे अंधारात पुन्हा सुरू झाली.

मी टॉर्च लावला. ज्येष्ठ सभासद गरजले, "टॉर्च बंद करा! डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला पाहिजे." खरंच आहे, डोळे अंधाराला सरावायला वीस मिनिटं तरी लागतात. मी टॉर्च बंद केला. लगेच माझा गुडघा आणि नळी यांची गाठ पडली. त्या क्षणी मला बरेच तारे दिसले, त्यांत अगस्त्य नसावा.

"काका, इतका त्रास कशाला?" आयटीतला मुलगा म्हणाला. "ॲप आहे ना." त्याने फोन आकाशाकडे धरला. ॲपने सांगितलं की अगस्त्य आत्ता आमच्या पायाखाली, पहिल्या मजल्यावरच्या काकूंच्या स्वयंपाकघरात, साधारण गॅसच्या शेगडीपाशी आहे. मग कळलं की फोनचा होकायंत्राचा भाग बिघडलाय आणि तो ठीक करायला फोन हवेत आठाच्या आकड्यासारखा फिरवायचा असतो. सगळ्यांनी आपापले फोन काढले. पहाटेच्या अंधारात कानटोप्या घातलेले प्रौढ पुरुष गच्चीवर उभे राहून हवेत इंग्रजी आठ काढताहेत, हे दृश्य समोरच्या इमारतीतल्या एका गृहस्थांनी दात घासताना पाहिलं. त्यांनी आत जाऊन खिडकी लावून घेतल्याचा आवाज आम्हाला स्पष्ट ऐकू आला.

आठ काढून झाल्यावर एका फोनचा अगस्त्य टॉवरमागे गेला, दुसऱ्याचा कात्रजकडे आणि सेक्रेटरींच्या फोनवर जाहिरात लागली. ज्येष्ठांनी डोक्यावरच्या व्याधाकडे बोट दाखवून "हा शुक्र" असं जाहीर केलं आणि सभा संपली.

खाली आलो तेव्हा वॉचमन शेकोटीपाशी बसला होता. त्याचं गाव लातूरकडचं. "काय हुडकताय सायेब?"

"अगस्त्य. एक तारा आहे."

"त्यो व्हय," तो म्हणाला. "त्यो रोजच आस्तोय की. ह्या टावरच्या अल्याड निघतो, पल्याड जातो. पहाटं पाचाला त्या पल्याडच्या कोपऱ्यात दिसतोय बघा."

"अरे, मग इतके दिवस सांगितलं का नाहीस?"

"कुणी इचारलंच न्हाई. समदी पार्किंगचंच इचारत्यात."

मधल्या काळात वेताळ टेकडीवर जाण्याचाही एक बेत झाला. त्याबद्दल फार सांगण्यासारखं नाही. पुण्यात पहाटे टेकडीवर अंधार असतो, पण एकांत नसतो. प्रत्येक फिरणाऱ्याच्या खिशात भूपाळी वाजत असते, कपाळावर बॅटरी असते आणि ती बॅटरी थेट आपल्या डोळ्यांत असते. एका काकांनी मला अडवून विचारलं, "काय शोधताय?" मी सांगितलं. त्यांनी अगस्त्याची सगळी माहिती मला ऐकवली: उंची, अंतर, आश्रम, वातापी, सगळं. या व्याख्यानात ते आकाशाकडे पाठ करून उभे होते. संपलं तेव्हा उजाडलं होतं. पुण्यात १९४४ पासून ज्योतिर्विद्या परिसंस्था आहे, आकाश बघायला शिकवते. पण दुसऱ्याला बघू न देता त्याला शिकवणारी संस्था त्याहून जुनी आणि बिनानोंदणीची आहे.

रोज पहाटे वाजणाऱ्या माझ्या गजराचा परिणाम घरात दिसू लागला होता. मी सौ.ना समजावलं की संशोधकांच्या घरच्यांना थोडं सोसावं लागतंच. त्या म्हणाल्या, "लोपामुद्रेनेही सोसलंच असणार." त्यांना वाटलं त्यांनी टोमणा मारला, पण ऋग्वेदाच्या पहिल्या मंडलात अगस्त्यांच्या या पत्नीने नवऱ्यापाशी तक्रार केलीच आहे की राबण्यात माझे कितीतरी शरद गेले, आता म्हातारपण आलं. घरच्यांची तक्रार वेदकालीन आहे म्हटल्यावर मी उत्तर द्यायच्या भानगडीत पडलो नाही.

शेवटी मुहूर्त लागला तो नरक चतुर्दशीचा. वर्षातली हीच एक पहाट अशी की अख्खा महाराष्ट्र आपण होऊन अंधारात उठतो. उटणं लागलेलं असतं, बंब तापलेला असतो, आळशाला नरकाची भीती असते. अमावास्या तोंडावर असल्याने चंद्राची केवळ कोर असते आणि तीही पूर्वेला उशिरा. अगस्त्य त्या वेळी दक्षिणेला मध्यावरून नुकताच पुढे सरकलेला असतो. हे सगळं मी ग्रुपवर लिहिलं. अंगठे आले नाहीत. मग सेक्रेटरींनी माझा निरोप बाजूला सारून मूळचा नासाचा निरोप पुन्हा टाकला, ३१० वर्षांसकट. त्यासरशी गच्चीवर चटयांसाठी जागा धरायला सुरुवात झाली.

मी त्यांना बाजूला घेऊन म्हणालो, "अहो, पण ते खोटं आहे."

"सर," ते म्हणाले, "खऱ्याला कोण पहाटे उठतंय?"

काकूंचा एक वेगळा आक्षेप होता. दक्षिण ही यमाची दिशा. सणाच्या दिवशी तिकडे तोंड करून उभं राहायचं म्हणजे काय? पण त्यांचं त्यांनाच उत्तर सापडलं. धनत्रयोदशीला यमदीप दक्षिणेलाच लावतात, चतुर्दशीला यमतर्पणही दक्षिणेलाच तोंड करून होतं, तेव्हा पाहुणा तिकडचा असला तरी चालेल. त्या रेशमी साडी, ताम्हण, पळी, अक्षता आणि पांढरी फुलं घेऊन पहिल्या रांगेत येऊन बसल्या. फुलं हादग्याची मिळाली असती तर बरं झालं असतं, असंही म्हणाल्या. हादग्यालाच अगस्ता म्हणतात आणि त्याच्या फुलांची भजी फार सुरेख होतात. यावर रांगेत भज्यांची पाककृती सुरू झाली.

पाच वाजायच्या सुमाराला गच्ची भरली. तेलाचा, उटण्याचा, नव्या कपड्यांचा वास. प्रत्येक गॅलरीत आकाशकंदील, त्यातले निम्मे चांदणीच्या आकाराचे, त्यामुळे अधूनमधून कुणी ना कुणी "दिसला!" म्हणून ओरडायचं. मग 'पहिला फटाका कुणाचा' या स्पर्धेत ए विंगने एक हजारी माळ लावली. बी विंगने दोन हजारी. दक्षिण दिशा धुराने पुसली गेली. समुद्र पिणाऱ्या ऋषींना आता धूर पिण्यावाचून गत्यंतर नव्हतं.

धूर थोडा विरला आणि काकू एकदम उठून उभ्या राहिल्या. "तो बघा! केवढा मोठा!"

टॉवरच्या माथ्यावर क्रेनचा लाल दिवा होता.

"लाल कसा?" कुणीतरी विचारलं.

"ऋषी आहेत. तापटच असणार," काकू म्हणाल्या. "आणि लुकलुकतोय, म्हणजे ताराच."

मी पुढे झालो, पण आयटीतल्या मुलाने माझी बाही धरली. "काका, राहू द्या. अर्घ्य सुरू झालंय." खरोखरच पळीतून पाणी सुटत होतं, अक्षता उडत होत्या, आजूबाजूची पंधरावीस माणसं हात जोडून उभी होती. क्रेनच्या चालकाला दिवाळीची सुट्टी होती म्हणून, नाही तर त्याने ते स्वीकारलंही असतं.

यात हसण्यासारखं काही नाही. अमेरिकेने नोव्हेंबर १९६४ मध्ये मंगळाकडे मरिनर-४ हे यान सोडलं. अवकाशात आपलं तोंड कुठे आहे हे कळण्यासाठी त्याने सूर्य आणि अगस्त्य या दोघांवर नजर ठेवायची होती. सूर्य त्याला सापडला. अगस्त्याच्या जागी मात्र त्याने आधी भलतेच तारे एकामागून एक धरले आणि खऱ्यावर नजर स्थिरावायला दिवसाहून जास्त वेळ गेला. पुढे चकाकणाऱ्या धूलिकणांनीही त्याला चकवलं. नासाच्या यंत्राची ही अवस्था, तर पहिल्या मजल्यावरच्या काकूंना क्रेन माफ आहे. यान पुढे जुलै १९६५ मध्ये मंगळापाशी व्यवस्थित पोचलं. काकूही अर्घ्य आटोपून फराळापाशी वेळेवर पोचल्या.

आणि गंमत म्हणजे, त्याच वेळी खरा अगस्त्य निघाला. वॉचमनने सांगितलेल्या बरोबर त्याच कोपऱ्यात, टॉवरच्या उजव्या कडेला, परांचीच्या बांबूंमागून. आधी बांबूंच्या फटीत नुसतं लुकलुकणं, मग एकदम मोकळा. क्षितिजाजवळच्या जाड हवेमुळे तो सारखा रंग बदलत होता; क्षणात पांढरा, क्षणात निळसर, मध्येच तांबूस. मी इतक्या दिवसांची सगळी माहिती विसरून नुसताच बोट दाखवून उभा राहिलो.

"तो?" सेक्रेटरी म्हणाले.

"तो."

"एवढाच?"

"अहो, सूर्याच्या सुमारे दहा हजारपट प्रकाश आहे त्याला."

"असेल. पण ३१० वर्षांतून एकदा येतो म्हटल्यावर निदान चंद्राएवढा तरी हवा होता."

"आत्ता जो प्रकाश तुम्ही पाहताय ना," मी शेवटचा डाव टाकला, "तो तिथून निघाला तेव्हा बाळाजी विश्वनाथ पेशवे होते. शनिवारवाड्याची पायाभरणीसुद्धा झाली नव्हती, ती १७३० ची."

"म्हणजे पार्किंगचा प्रश्न नव्हता," सेक्रेटरी म्हणाले आणि पहिल्यांदाच त्यांनी त्या ताऱ्याकडे जरा आदराने बघितलं.

ज्येष्ठ सभासदांनी अगस्त्याला बारकाईने न्याहाळलं, चष्मा पुसला, पुन्हा न्याहाळलं आणि म्हणाले, "शुक्र."

मग फोटो सुरू झाले. सगळे ताऱ्याकडे पाठ करून, हसून, ओळीने उभे राहिले. सगळ्या फोटोंत पाठीमागे क्रेनचा दिवा आला आहे. अगस्त्य एकाही फोटोत नाही, कारण त्या जागी सेक्रेटरींचं डोकं आहे.

खऱ्या अर्थाने त्या ताऱ्याचं कौतुक केलं ते तिसऱ्या मजल्यावरच्या एका आजींनी. त्यांचा मुलगा न्यू जर्सीत असतो. त्याच्याकडे सगळं मिळतं: बाकरवडी, मोदकाचे साचे, गणपतीत ढोलपथक. गेली कित्येक वर्षं आजींनी इथून काही न्यायचं म्हटलं की तो म्हणतो, "आई, इकडे मिळतं." त्यांनी त्याला व्हिडिओवर बोलावलं आणि माझ्याकडे फोन देऊन म्हणाल्या, "सांगा हो त्याला, त्याच्याकडे दिसतो का?"

मी सांगितलं की न्यू जर्सी फार उत्तरेला आहे, तिथून अगस्त्य क्षितिजाच्या वर कधीच येत नाही.

"कधीच नाही?"

"कधीच नाही."

आजींनी फोन परत घेतला. "ऐकलंस ना? नाही मिळत तुमच्याकडे." दिवाळीचं अभ्यंगस्नान त्या दिवशी त्यांना खरं लागलं.

दुसऱ्याच दिवशी ग्रुपवर अध्यक्षांनी दाखवून दिलं की गच्चीला कुलूप लावलं नव्हतं आणि चिवड्याचे कागद सोलरच्या नळ्यांत अडकले आहेत. त्यावर घनघोर चर्चा झाली. तारा कुणालाच आठवला नाही. झालं ते एका अर्थी बरं झालं, कारण एक गोष्ट मी त्यांना शेवटपर्यंत सांगितलेली नाही. रोज चार मिनिटं आधी उगवणारा माणूस काही महिन्यांनी किती आधी येईल, हा हिशेब चौथीतलं पोरही करील.

तुम्हाला म्हणून सांगतो. फेब्रुवारीच्या मध्यावर रात्री नऊ-साडेनऊला, जेवणं झाल्यावर शतपावलीला बाहेर पडाल तेव्हा दक्षिणेकडे तोंड करा. वर व्याध दिसेल. त्याखाली साडेतीन मुठी उतरा. मध्ये टॉवर नसेल तर अगस्त्य तिथे आपल्या कमानीच्या अगदी माथ्यावर असतो. गजर, कानटोपी, रजिस्टरवर सही, यातलं काहीही लागत नाही.